रंगूबाईच्या वयाच्या पाच जणी

"इथं माझ्या वयाच्या पाच जणी दाखव, गुंड्या. मग ऱ्हाते मी. न्हाईतर मिरगाच्या आत मला माझ्या घरी सोड."

रंगूबाईनं हे सांगितलं ते भाकरीचा शेवटचा तुकडा आमटीत बुडवत, अगदी सहज. पण समोर बसलेल्या सुभेदार गुंडा फडतऱ्यांचा घास तोंडातच राहिला. बाहत्तर वर्षांच्या, मिशीला पीळ देऊन हिंडणाऱ्या निवृत्त सुभेदाराला "गुंड्या" म्हणणारं जगात आता हे एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस पिशवी भरायच्या गोष्टी करत होतं.

फाल्गुनातली ती सकाळ सुभेदारांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. रंगूबाई, त्यांची थोरली बहीण, त्यांची आक्का, तिकडं सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या चिंचकाठला एकटीच राहायची. पहाटे गोठ्याच्या दारात पाय घसरून पडली ती दुपारी टपालवाला येईपर्यंत तशीच. हाका मारून मारून घसा बसला, पण ऐकणार कोण? गल्लीतली तरणी माणसं पुण्याला, नाहीतर साताऱ्यात, सुभेदारांच्या वेताळमाळासारख्याच एखाद्या माळावर प्लॉट घेऊन गेलेली. मागं राहिलेली शेजारीण कृष्णाबाई ठार बहिरी. खुबा मोडला नाही ही भैरोबाची कृपा. सुभेदारांनी त्याच दिवशी तिला गाडीत घातलं आणि मनाशी पक्कं केलं की आक्का आता परत जाणार नाही. आक्काला विचारायचं मात्र राहून गेलं.

"पाच कशाला, पन्नास दाखवतो," ते म्हणाले. "तीनशे बारा घरं हायत आपल्या वेताळमाळावर."

"घरं हायत रं. माणसं कुठं हायत?" रंगूबाईनं ताटात हात धुतले. "दोन महिनं झालं, गॅलरीत बसून बघतीय. खाली दिसत्यात ती एकतर रांगणारी, न्हाईतर गाडीला किक मारून पळणारी. मधलं कोण न्हाई आणि वरचं तर न्हाईच न्हाई."

"आवं वन्सं, मी हाय की," मनुबाई चुलीऐवजी आलेल्या गॅसपाशी उभ्या राहून म्हणाल्या. "मी काय इशीतली हाय?"

"तू भावजय. तुझ्याशी धड भांडायचीबी चोरी. जरा आवाज चढवला की उद्या लोक म्हणतील, नणंद आली आणि घर फुटलं."

मनुबाईंना हसू आलं. पन्नास वर्षांत दोघींनी एकमेकींना एक वाकडा शब्द सुनावला नव्हता, आणि पन्नास वर्षं दोघींच्या पोटात तो तसाच राहिला होता.

सून प्रियदर्शनी दोन वर्षांच्या शिवतेजला भरवत होती. नवरा, जयराज, जैसलमेरला पोस्टिंगवर. ती पुढं सरकली. "आत्या, राहा ना तुम्ही. शिवतेजला तुमचा किती लळा लागलाय. दोन जूनला मी परत कंपनीत रुजू होणार आहे, तुम्ही असलात तर मला काळजीच नाही."

रंगूबाईनं सुनेकडं पाहिलं. रागानं नव्हे, पण नीट पाहिलं.

"तेच म्हणते मी, पोरी. बारा घरची बाळं न्हाऊ-माखू घातली मी. दिराची, नणंदांची, शेजारणींची. माझ्या पोटी न्हवतं, म्हणून सगळ्यांना वाटायचं रंगूला हौस हाय. हौस व्हती, न्हाई म्हणत न्हाई. पर आता मला मांडीवर घ्यायला कोण नको. शेजारी बसायला पायजे. मला 'रंगे' म्हणणारं माणूस पायजे. इथं उठल्यापासनं झोपंपर्यंत आपलं आजी, आजी, आजी. चिंचकाठात तिघी व्हत्या. सोनी गेली. तानी लेकीकडं बार्शीला गेली. कृष्णी बहिरी."

"मग तिथं तरी कोण हाय, आक्का?" सुभेदारांनी पेचात पकडल्यासारखं विचारलं.

"त्यांची दारं तरी दिसत्यात," रंगूबाई म्हणाली आणि उठली.

प्रियदर्शनीचा चेहरा उतरला. सुभेदारांनी ताट बाजूला सारलं आणि कपाटातून लाल पुठ्ठ्याचं जाड रजिस्टर काढलं. गडी हट्टाला पेटला होता.

दुसऱ्या दिवसापासून वेताळमाळावर गणना सुरू झाली. बरोबर अंकिता. ही सुभेदारांच्या लेकीची लेक, साताऱ्यात भूगोल शिकायला म्हणून आजोळी राहिलेली. तिला सुट्टीत असा काहीतरी उद्योग हवाच होता. सुभेदारांचा नियम एकच, पलटणीत तीस वर्षं पाळलेला: कागद पाहिल्याशिवाय नोंद नाही. कोणी तोंडी वय सांगितलं की ते चष्मा पुसत म्हणायचे, "कार्ड दाखवा."

त्यांच्या लहानपणी या माळावर कुसळं सोडून काही उगवत नव्हतं. आता दार वाजवलं की कडेवर बाळ घेऊनच बाई दार उघडायची. काही घरांत कडेवर एक आणि पायात एक. एका घरी त्यांनी विचारलं, "घरात ज्येष्ठ कोण?" तर छत्तीस वर्षांचा एक गडी छाती काढून म्हणाला, "मीच!" माण-खटावातनं आलेले, जतवरनं आलेले, रहिमतपूरचे, कराडचे; कोणी कंपनीत, कोणी बँकेत, कोणी सैन्यात. सगळे काल-परवा लग्न झाल्यासारखे. सुभेदार रोज संध्याकाळी हरखून घरी यायचे. आपल्या बापानं ज्या माळावर कुसळं सोडून काही पाहिलं नाही, तिथं एवढा जीव रुजलाय, याचं त्यांना फार कौतुक वाटे. फक्त म्हाताऱ्या सापडत नव्हत्या.

सापडायला लागल्या त्या तिसऱ्या दिवशी. पाळण्यापाशी, शेगडीपाशी, उन्हात वाळवणापाशी. एकाहत्तर, चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर! प्रत्येक नोंदीला सुभेदार शाई ठळक करत.

शेवटच्या ओळीत, माळ संपून टेकाड सुरू होतं तिथं, बिरदेव कोळेकरचं छोटं घर होतं. घरामागं शेरडं बांधायचे दोन खुंटे, पण शेरडं नव्हती. दार बिरदेवच्या बायकोनं, प्रांजलनं उघडलं. अंगाला बाळंतिणीच्या ओवा-शेपाचा वास, हातात दुपट्यात गुंडाळलेलं मूल.

"बसा की आजोबा. हे कामावर गेल्यात. आजी शेरडं घेऊन टेकाडावर. बारा म्हैने आमच्याकडंच असत्यात, पर त्यांना घरात बसवत न्हाई."

"कार्डं असतील?"

प्रांजलनं पिशवीतून कार्डं काढून दिली. सुभेदारांनी खणखणीत अक्षरात लिहिलं: बिरदेव, तेहतीस. प्रांजल, सव्वीस. बाळ, बावीस दिवस. सुलाबाई, बिरदेवची आजी, सत्तावन्न. मग त्यांनी ओळ मारली, चहा घेतला, बाळाच्या मुठीत अकरा रुपये ठेवले आणि पुढच्या दाराला गेले.

रविवारी सगळा हिशेब जेवणाच्या टेबलावर पसरला. अंकितानं आलेखाच्या कागदावर वयांचे पट्टे काढले होते, खाली बाळं, वर म्हातारी.

"आजोबा, एकूण अकराशे शेहेचाळीस माणसं. त्यात सहा वर्षांच्या आतली दोनशे त्रेसष्ट. दहा ते वीस या वयाची फक्त बासष्ट."

"तरीच क्रिकेटची टीम जमत न्हाई आणि पोलिओच्या डोसाला मात्र वेशीपर्यंत रांग," मनुबाई म्हणाल्या.

"मग अठ्ठावीस ते चाळीस, पाचशे. त्यानंतर एकदम खाली. साठच्या वर एकतीस." अंकितानं कागद उभा धरला. "पुस्तकात असतो तसा मनोरा नाहीच हा. खाली फुगलेलं, मध्ये बारीक, परत फुगलेलं."

सुभेदारांनी मान तिरकी केली. "डमरू हाय की हे. वर नुसती दोरी."

"आणि त्या दोरीतली गंमत सांगू? एकतीसांपैकी बावीस जण एक जूनला जन्मलेत. तुम्हीसुद्धा."

"गुरुजींची कृपा," सुभेदार म्हणाले. त्यांच्या पिढीत शाळेत नाव घालायला बाप गेला की गुरुजी पोराकडं बघून वर्ष ठरवायचे आणि तारीख सगळ्यांना एकच द्यायचे. त्यांच्या आईच्या हिशेबानं गुंडा जन्मला तो ऊस तुटायच्या दिवसांत. पण घरात वाढदिवस होई तो एक जूनलाच, पुरणपोळीचा.

"सत्तरच्या वरच्या बायका किती, तेवढं सांग," त्यांनी घाईनं विचारलं.

"सात."

सुभेदारांनी टेबलावर थाप मारली तसा शिवतेज दचकून रडायला लागला. "पाच मागितल्या व्हत्या, सात दिल्या! मनू, एक जूनला सातीजणींना जेवायला बोलव. आक्काच्या म्होरं वळीनं बसवतो."

सुभेदारांचं गणित एका जागी चुकलं होतं, आणि ते फक्त मनुबाईंच्या लक्षात आलं होतं. त्या दोनदा म्हणाल्याही, "आवं, त्या बाया हितल्या हायत का?" पण जिंकलेल्या माणसाला कोण सांगणार!

एक जूनला रविवार आला. सकाळपासून पुरण शिजत होतं. दहा वाजता गाडी येऊन थांबली आणि तीतून धैर्यशील उतरला. हा रंगूबाईच्या दिराचा मुलगा, चिंचकाठचाच, पण गावापासून लांब मळ्यात राहणारा. काकूनं फोन करून बोलावलं होतं.

"मामा, हॅपी बड्डे," तो सुभेदारांच्या पाया पडला. "काकूला न्यायला आलोय. पेरणीच्या आत घर उघडलेलं बरं."

"जेव आधी. ती येत न्हाई बघ आज."

अकरा वाजले, बारा वाजले. सात पाट मांडलेले, सात पाटांपुढं रांगोळी. सुभेदार फाटकाशी उभे. एकही बाई येईना. शेवटी अंकिताला पाठवलं. ती अर्ध्या तासानं परत आली, तिचा चेहराच सांगत होता.

"आजोबा, त्या सगळ्या बाळंतपणाला आल्या होत्या. कोणाची सासू, कोणाची आई. सव्वा महिना झाला आणि गेल्या. मिरग तोंडावर आला म्हणून सहा जणी गेल्या आठवड्यातच गावी गेल्या. सातवी परवा."

"पर मी सोता बघितल्या व्हत्या! हजर व्हत्या!"

"हजर व्हत्या, ऱ्हायला न्हवत्या," मनुबाई म्हणाल्या. "मी कवाधरनं सांगतीय. माळावरच्या म्हाताऱ्या म्हंजे पाहुण्या. ड्यूटी बदलावी तशा येत्यात आणि जात्यात."

मांडलेले पाट बघून रंगूबाई हसली नाही. हसली असती तर सुभेदारांना बरं वाटलं असतं. तिनं एका पाटावरचं फूल उचलून बाजूला ठेवलं, स्वतः तिथं बसली आणि म्हणाली, "वाढ गं मनू. पोळ्या गार व्हत्यात. गुंड्या, तू बस माझ्या शेजारी. लय पळलास माझ्यापायी."

जेवणात धैर्यशील बोलत राहिला. घराची कौलं शाकारलीत, काकूची खोली झाडून घेतलीय. सुभेदारांना एक घास गोड लागेना. मग ते न राहवून म्हणाले, "आक्का, परत पडलीस तर?"

"पडले तर पडले."

"आणि आमी? तुला काय, तू पडून ऱ्हाशील. फोन आम्हाला येणार!"

"हे बघा आत्या." प्रियदर्शनी वाढता वाढता थांबली. तिच्या हातात तुपाची वाटी होती. "त्या दिवशी तुम्ही बोललात ते मला लागलं. खरं होतं म्हणून लागलं. मी तुम्हाला पाळणाघर म्हणूनच ठेवून घेत होते. मी बुधवारी शिवतेजचं नाव चौकातल्या पाळणाघरात घातलं. उद्यापासून तो तिथं जाणार. तुम्ही राहिलात तरी, गेलात तरी."

मनुबाई सुनेकडं बघतच राहिल्या. त्यांना हे ठाऊक नव्हतं. एरवी नातवाला परक्या घरी ठेवायचं म्हटल्यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "बरं केलंस. आणायला मी जाईन."

रंगूबाईनं सुनेच्या गालावरून पालथा हात फिरवला. "गुणाची हाईस. पर त्यानं माझा प्रश्न सुटत न्हाई गं."

दोन वाजता पिशवी गाडीत गेली. पिशवीशेजारी डिकीत एक रंगाची जुनी बादली ठेवली. तीत घेवड्याची पाच रोपं होती, टीचभर वाढलेली. रंगूबाईनं या दोन महिन्यांत गॅलरीत वाढवलेली, चिंचकाठच्या परड्यात लावायची होती. डिकी उघडीच ठेवून सगळे आत गेले, कारण निघताना देवापुढं सुपारी ठेवायची होती. सुभेदार देवघराच्या दारात उभे राहिले. पाकिस्तानच्या सीमेवर दोन हिवाळे काढलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. त्यांनी ते लपवलं नाही.

इतक्यात बाहेरून बादली पडल्याचा आवाज आला. रंगूबाई सगळ्यांच्या आधी बाहेर पोचली. खुब्याचं दुखणं कुठल्या कुठं.

एक काळं शेरडू डिकीत पुढचे पाय टेकून उभं होतं आणि पाचवं रोप चघळत होतं. दुसरं खाली सांडलेल्या मातीत तोंड घालून होतं.

"कुणाची गं ही शेरडं! मुडदा बशिवला ह्यांचा! दोन महिन्यांची माझी मेहनत!"

"आं? काय झालं वरडायला?" रस्त्यावरून काठी टेकत एक बाई आली. काटकुळी, काळीसावळी, कपाळभर गोंदण, डोक्यावरनं पदर घट्ट. "शेरडाला काय वाचता येतंय? डिकी उघडी टाकलीया, त्याला वाटलं आपल्यासाठीच मांडलंय."

"वर तोंड करून बोलतीयास? धनीण हाईस का दरोडेखोर?"

"आणि तू गं? मोटारीत झाडं लावणारी बाई मी पैल्यांदा बघितली!"

धैर्यशील मध्ये पडायला गेला. मनुबाईंनी त्याचा शर्ट मागून धरला. "थांब जरा," त्या हळूच म्हणाल्या.

"वयाचा मान ठेवून बोल," रंगूबाई कडाडली. "माझ्या धाकट्या भणीच्या वयाची असशील!"

"मी?" बाईनं काठी आपटली. "मी धाकटी? कोयनेचा भूकंप झाला तवा माझ्या कडंवर पोरगं व्हतं, पोरगं! तू असशील तवा परकर नेसून लगोऱ्या खेळत!"

"लगोऱ्या? भूकंपाला माझ्या लग्नाला दोन वर्सं झाली व्हती. पहाटेचं आमच्या सोप्यातली उतरंड माझ्या अंगावर आली, तिचा वण हाय बघ!" रंगूबाईनं कोपर पुढं केलं.

"उतरंड घरात असती. आमी उघड्यावर व्हतो. कृष्णाकाठाला कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवली व्हती, खतासाठी. जमीन अशी हालली की मेंढरं सगळी एकमेकांवर. माझ्या सासऱ्याला वाटलं लांडगा आला."

रंगूबाईनं कोपर खाली घेतलं. आवाज मात्र खाली आला नाही. "कृष्णाकाठाला? कंच्या गावात?"

"मला काय ठावं. हीर व्हती, चिंच व्हती."

"आमच्या रानात दरसाल मेंढरांचा वाडा बसायचा! आमच्यात हीर हाय, चिंच हाय! सकाळी मी ताक घेऊन जायची धनगरणींना!"

"ती तू नसशील. ती गोरी व्हती."

अंकिताच्या तोंडून खुदकन हसू फुटलं. सुभेदार मात्र गोंधळले होते. ही बाई त्यांच्या रजिस्टरात कुठं होती? ते आत जाऊन लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर घेऊन आले, चष्मा लावला. "नाव काय आपलं?"

"सुलाबाई. त्या टोकाच्या घरची. बिरदेवची आजी."

त्यांनी बोट फिरवत ओळ शोधली. "शेवटची लाइन... सुलाबाई... सत्तावन्न."

"सत्तावन्न!" रंगूबाई टाळ्या पिटायची तेवढी राहिली. "बघ! माझ्या धाकट्या भणीपरास लहान! कागदाला कळतंय!"

"कागदाला काय डोंबल कळतंय! कार्ड काढायला गेले तर तितल्या पोरानं इचारलं, वय किती. मी म्हणलं मला काय म्हाईत, तूच बघ आणि लिही. त्यानं बघितलंबी न्हाई, लिहिलं."

अंकितानं आजोबांच्या खांद्यावरून वाकून ती ओळ वाचली. मग वरची वाचली. मग परत खालची. "आजोबा," ती म्हणाली, "बिरदेव तेहतीस. त्याची आजी सत्तावन्न."

"हां. मग?"

"आजोबा, तेहतीस वर्षांच्या माणसाची आजी सत्तावन्न वर्षांची?"

सुभेदारांनी ओळीकडं पाहिलं. आपल्याच हातचं ते खणखणीत अक्षर, खाली पट्टीनं मारलेली ओळ. चोवीस वर्षांच्या अंतरात त्यांनी एक आई आणि तिचं मूल बसवलं होतं, आणि वर ओळ मारून चहा प्याले होते. आधी मनुबाई हसल्या, तोंडाला पदर लावून. मग प्रियदर्शनी, मग धैर्यशील. सुलाबाईला कळायला जरा वेळ लागला आणि कळल्यावर ती काठीवर रेलून इतकी हसली की तिच्या शेरडांनीही मान वर केली.

"सुभेदार," ती डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या पलटणीत मी असते तर चोविसाव्या वर्साला नातू खेळवला असता!"

सुभेदारांनी खिशातला पेन काढून सत्तावन्नवर काट मारली. "किती लिहू?"

"माझ्यापरास एक कमी," रंगूबाई म्हणाली.

"तिच्यापरास एक जास्त," सुलाबाई म्हणाली.

"कशी गं जास्त? माझं सत्त्याहत्तर हाय!"

"मग माझं अठ्ठ्याहत्तर. माझ्या कडंवर पोरगं व्हतं, तुझ्या कडंवर काय व्हतं? ताकाची कळशी?"

हे ऐकून मनुबाईंचं हसू थांबलं. मूल नसलेल्या नणंदेला असं कोणी कधी बोललं नव्हतं. घरात सगळे तो विषय पाय चुकवून ओलांडत. पण रंगूबाई तिच्याकडं टक लावून पाहत राहिली आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी सैल झालं. "व्हय," ती म्हणाली. "ताकाचीच व्हती. आणि ते ताक प्यालीस तू, भवाने. गोरी व्हती म्हणं!"

"प्याले असंल. पाणचट व्हतं."

पुढं त्या वयावरून भांडल्या, मग शेरडानं घेवडा खाल्ला तर दूध कडू होतं का यावरून भांडल्या, मग अंथरायला लोकरीचं धनगरी जेन चांगलं की विकतची सतरंजी यावर. सुभेदारांनी वयाचा रकाना रिकामा सोडला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी रिकामा रकाना कधी सोडला नव्हता. धैर्यशीलनं घड्याळ पाहिलं, पाय बदलला, शेवटी पायरीवर बसला. प्रियदर्शनीनं चहा टाकला.

"काकू," तो म्हणाला, "उजेड आहे तोवर निघू या का?"

रंगूबाईनं मागं वळूनही पाहिलं नाही. "तू जा बाबा. सामान काढून ठेव माझं. हिनं माझा घेवडा खाल्लाय. त्याचं बी हिच्याकडनं वसूल केल्याबिगर मी काय गाव सोडत न्हाई."

"पाच म्हणाली व्हतीस, आक्का," सुभेदार म्हणाले. त्यांना गप्प बसता आलं असतं, पण आनंदानं माणूस वाह्यात होतो. "ही तर एकच झाली."

"पाचांचं काम एकटी करतीया. तू तुझं रजिस्टर ठेव आत."

मनुबाईंनी चार पोळ्या बांधून सुलाबाईच्या हातात दिल्या. सुलाबाईनं त्या पदरात घेतल्या, शेरडांना हाकललं आणि जाता जाता थांबली.

"नाव काय गं तुझं? मघाधरनं भांडतोय, नावच ठावं न्हाई."

"रंगूबाई."

सुलाबाईनं तोंड वाकडं केलं. "बाई म्हणायला मी काय तुझी सून हाय?" आणि काठी टेकत निघून गेली.

सोमवारी प्रियदर्शनी कामावर गेली. मनुबाई शिवतेजला पाळणाघरात सोडायला गेल्या, आणि तिथल्या पोरांची गर्दी बघून तिथंच रमल्या. अंकिताही सकाळीच बाहेर पडलेली. घरात सुभेदार आणि आक्का दोघंच. आक्का पहाटे चारपासून जागी होती, हे त्यांना ठाऊक होतं. न्हाऊन, वेणी घालून, पिशवीतलं एक लुगडं काढून नेसून ती गॅलरीत बसली होती. ते पेपर वाचल्यासारखं करत होते.

आठ वाजले असतील. फाटकाबाहेर शेरडाच्या गळ्यातली घंटी वाजली आणि पाठोपाठ खरखरीत, मोठा, सगळ्या कॉलनीला जाग आणणारा आवाज आला:

"रंगे! ए रंगे! उठलीस का अजून लोळतीयास?"

सुभेदारांनी पेपर खाली ठेवला. त्यांची आक्का, सत्त्याहत्तर वर्षांची, एका हातानं लुगड्याचा काठ सावरत, परकरातल्या पोरीसारखी जिना उतरत होती. "आले गं, आले!" ती जिन्यातूनच ओरडली. "जरा दम धर की, सुले!"